तळ्यातला भासरा

माझ्या आवाजाने माणसे मऊ होतात, हे मला नागपूरच्या कॉलेजात असतानाच कळले होते. कविता शिकले, वृत्ते शिकले, एखादी ओळ कुठे थांबवली म्हणजे ऐकणाऱ्याचा श्वासही तिथेच थांबतो हे शिकले. या विद्येचा संसारात काही उपयोग होईल असे कोणालाच वाटले नव्हते. भिलाईत तो झाला, आणि ज्या रीतीने झाला ते आठवले की आजही मला पाण्याकडे सरळ बघवत नाही.

आम्ही आलो तेव्हा कारखान्याची पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. क्वार्टर नवे, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, आणि दारापुढे मुरमाचा रस्ता. वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळपर्यंत गुलाबी होई. जिभेवर सतत एक लोखंडी चव असे, जणू कोणी चावी तोंडात धरायला दिली आहे. सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते, पण सावली म्हणून नव्हती. सावली होती ती एकाच ठिकाणी. आमच्या ओळीच्या मागे, जुन्या गावाच्या उरलेल्या घरांजवळ एक तळे होते आणि त्याच्या काठी आमराई. गावाची शेते कारखान्यात गेली होती, निम्मी घरे उठली होती. तळे मात्र अजून कोणाच्या लक्षात आले नसल्यासारखे तिथे होते. उन्हाळ्याच्या दुपारीही त्याच्यावरून येणाऱ्या वाऱ्याला शेवाळाचा आणि कच्च्या कैरीच्या चिकाचा वास असे.

मग ते लक्षात आले. नकाशावर तळ्याच्या जागी खेळाचे मैदान होते. सेक्टरमधल्या आम्ही काही बायकांनी झाडांच्या आणि तळ्याच्या रक्षणासाठी समिती काढली आणि नगर विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटलो. ते सज्जन होते. म्हणाले, "बंधारा फुटका आहे, गाळ आहे, डास आहेत. पावसाआधी तुम्ही स्वतःच्या पैशाने बांध बांधून घेत असाल, घाट दुरुस्त करत असाल, तर मी नकाशा बदलून घेतो. नाहीतर मुरमाचे ट्रक येतील. मला दोष देऊ नका."

समितीतल्या बाकीच्या बायका पावतीपुस्तके घेऊन घरोघर जाऊ लागल्या. त्यातून घाटाच्या चार पायऱ्याही झाल्या नसत्या. मोठी देणगी हवी होती, आणि मोठ्या देणगीची माणसे पावर हाउस या वस्तीच्या बाजारात बसत: ठेकेदार, लाकडाचे व्यापारी, सिमेंटचे दलाल. ते काम माझ्याकडे आले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बोलायला लागलात की ऐकावंसं वाटतं. तुम्हीच जा."

घरी सासूबाई गहू निवडत होत्या. त्या भंडाऱ्याकडच्या. आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरांत काढले, पण बोली तिळभर हलू दिली नाही.

"कुठं चालली वं, इतकं चांगलं लुगडं नेसून?"

"देणगी मागायला. तळ्यासाठी."

"तुह्या सासऱ्यानं गार्डाची नोकरी केली, पण कोनाच्या दारी हात नाही पसरला. अन् तू इस्त्रीचं लुगडं नेसून भीक मागून राहिली." मग सुपातला खडा उचलून म्हणाल्या, "जाय. पन उपाशी नको जाऊ. भुकेल्या मानसाचं मागनं ओळखू येते."

मला लाज वाटली ती त्या दिवशी प्रथम. पण ती साधी, पायरीवर अडखळण्यासारखी लाज होती आणि ती लवकर मोडली. मागण्याची मी एक रीत बसवली. पहिल्या भेटीत काहीच मागायचे नाही. नुसते बसायचे, घरच्यांची चौकशी करायची. दुसऱ्या वेळी तळ्याचे काहीतरी न्यायचे, पानात गुंडाळलेले कमळ किंवा आमराईतल्या चार कैऱ्या, आणि एक गोष्ट सांगायची. गोष्टीत देणाऱ्याला झाड दाखवायचे नाही, झाडाखाली त्याला स्वतःला उभे करायचे. एवढे जमले की पुढे मागावे लागत नाही, तोच विचारतो.

गोष्टींचा साठा मला गौंटनीनबाईंकडून मिळाला. गौंटिया म्हणजे तिकडचा गावप्रमुख, आणि ही त्याची विधवा सून. जमीन गेली, वाड्याचे दोन खण उरले, पण चालण्यातला तोरा उरला होता. हातांत चांदीचे जाड कडे, कपाळावर गोंदण, आवाज भरड्या धान्यासारखा. सकाळी मी तळ्यावर फिरायला जाई तेव्हा ती घाटावर दातवण करीत बसलेली असे. मला नोनी म्हणे, म्हणजे पोरी.

तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हाच एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. घाट उतरताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेई, थेट हनुवटीपर्यंत. समोर तर कोणी नसे. नुसते पाणी, आणि पाण्याच्या मधोमध एक काळा लाकडी खांब, ज्याच्यावर खंड्या बसत असे.

"पदर कोणासाठी?" मी विचारले.

तिने दातवणाच्या काडीने खांबाकडे बोट केले. "ए मोर जेठ आय."

जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे ज्याला भासरा म्हणतात आणि ज्याच्यासमोर सासूबाई अजूनही उभ्या राहत नाहीत. मला वाटले थट्टा आहे. थट्टा होतीच, पण नुसती थट्टा नव्हती. तळे नवे खणले की त्याचे लग्न लागल्याशिवाय त्याचे पाणी कोणी पीत नाही, तिने सांगितले. सरईच्या, म्हणजे सालाच्या लाकडाचा खांब हा नवरदेव. त्याला हळद लागते, मांडव पडतो, वाजंत्री वाजते, वऱ्हाडी जेवतात, मग त्याला नेऊन तळ्याच्या मधोमध रोवतात. तिच्या सासऱ्याने दुष्काळात हे तळे खणवले. घरात तळ्याचे लग्न आणि धाकट्या मुलाचे लग्न एकाच मांडवात उरकायचे ठरले. आधी खांबाला हळद लागली. त्याच वाटीतली उरलेली हळद तिला, आठ-नऊ वर्षांच्या नवरीला, लागली.

"ओकर बिहाव पहिली होइस," ती म्हणाली. त्याचे लग्न आधी झाले. म्हणून तो मोठा. "माझा नवरा गेला, सासरा गेला. जेठ आहेत अजून. घरात कोणीतरी मोठं माणूस असलेलं बरं, नोनी." आणि ती खळखळून हसली.

गावच्या बायका त्या खांबासमोर निःशंक आंघोळ करीत. घरचाच माणूस. लग्न होऊन आलेली प्रत्येक सून पहिल्यांदा घाटावर येई, खांबाला लांबून नमस्कार करी, आणि मग पहिली घागर भरी. त्या दिवशी घरी येताना माझ्या अंगावर काटा होता. इतकी संपूर्ण, इतकी पाणीदार गोष्ट मी कोणत्याच पुस्तकात वाचली नव्हती. आणि खरे सांगायचे तर घराच्या फाटकाशी पोचण्याआधीच ती कोणाला सांगायची हेही माझ्या मनात ठरले होते.

तो ठेकेदार मातीकामाचा आणि लाकडाचा मोठा माणूस होता. पांढरा शुभ्र झब्बा, बोटांना अत्तराचा वास, आणि दुकानामागच्या वखारीतून येणारा ताज्या चिरलेल्या लाकडाचा, थोडा गोड, थोडा कडवट दर्प. त्या वखारीत रचलेली झाडे कुठून आली होती हे मी विचारले नाही. देणगी मागणाऱ्याने काय विचारू नये हेही मी एव्हाना शिकले होते.

मी त्याला तळ्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. जशी मिळाली तशी नाही, बांधून सांगितली. हळदीची वाटी शेवटी ठेवली. त्याचे डोळे भरून आले. तो खोटा नव्हता. वडील हातात फावडे घेऊन या मुलखात आले होते, अनवाणी, आणि मुलाचा पहिला ट्रक पाहण्याआधीच गेले, हे त्याने मला सांगितले, आणि सांगताना गल्ल्यावरच्या माणसाला हाताने बाहेर जायला खुणावले.

"बहनजी," तो म्हणाला, "पूरा काम मेरा. बाँध, घाट, सब." मग म्हणाला, "वो खंभा तो पुराना हो गया होगा. उसकी जगह पक्का बनवा देते हैं. ऊपर पिताजी."

इथे थांबते, कारण पुढे जे झाले त्याला मी पुष्कळदा गडबड, गैरसमज, घाई असली नावे देऊन पाहिली आहेत. तसे काही नव्हते. 'ऊपर पिताजी' हे शब्द ऐकताच घाटावरच्या शेवटच्या, बुडालेल्या पायरीवर पाय पडावा तसे मला झाले. मला सर्व कळले होते. 'सेठजी, तो खांब नाही, तो एका घरातला माणूस आहे' एवढेच म्हणायचे होते, आणि ते म्हणायला माझ्याइतके योग्य माणूस भिलाईत दुसरे नव्हते. पण आभाळात चैत्राच्या शेवटाचे पहिले ढग दिसू लागले होते. मुरमाचे ट्रक डोळ्यांसमोर होते. मी म्हणाले, "छान कल्पना आहे." तो म्हणाला, "नीचे लिखने के लिए आप ही कुछ दीजिए." आणि मी दिले. तिथेच, त्याच्या दुकानातल्या गादीवर बसून, त्याच्याच पेन्सिलीने. एकच ओळ हिंदीत. तिचा अर्थ असा होता की या पाण्याने ज्याला वरले तो पुरुष इथे उभा आहे.

रूपक चांगले होते. ते माझे नव्हते, एवढाच त्याचा दोष.

काम झपाट्याने झाले. पाणी उपसले, गाळ निघाला, खांब निघाला. मी त्या आठवड्यात मुद्दाम तळ्यावर गेले नाही. समितीच्या बायका येऊन सांगत, बांध कसा सुरेख झाला आहे, घाटाला लाल फरशी कशी शोभते. नकाशा बदलला. अधिकाऱ्यांनी तसे पत्रही पाठवले. मिस्टर म्हणाले, "तू एकटीने तळं वाचवलंस." मी ते वाक्य अंगाला लावून घेतले. खोटे का बोलू, ते मला उबदार वाटले.

पहिले एक-दोन वळीव पडून तळ्यात पाणी आल्यावर समारंभ झाला. कनात, सतरंजी, ध्वनिक्षेपक, चहा. तळ्याच्या मधोमध पिवळा रंग दिलेला सिमेंटचा स्तंभ, आणि त्यावर सेठजींच्या वडिलांचा छातीपर्यंतचा पुतळा. पागोटे पांढरे, मिशा काळ्या, आणि डोळ्यांच्या बाहुल्या तैलरंगाने इतक्या काळ्याभोर काढलेल्या की ते डोळे बघत होते. स्तंभाचे तोंड सेक्टरच्या रस्त्याकडे असावे असे कारागिराला सांगितले होते. रस्ता जिकडे, बायकांचा घाटही तिकडेच. हे मला तोवर सुचले नव्हते. कोणालाच सुचले नव्हते. आम्ही कोणी तिथे आंघोळ करीत नव्हतो.

गौंटनीनबाईंना मीच आग्रहाने बोलावले होते. नारळ त्यांच्या हातून फोडायचा, जुने आणि नवे गाव एक झाले असे दिसायचे, ही कल्पनाही माझीच. गावातल्या आठ-दहा बायका बरोबर घेऊन त्या आल्या. नवे कोरे लुगडे, कडे चिंचेने घासलेले. घाटाच्या वरच्या पायरीवर सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला, आणि समोर पाहून पदरावरच थांबला.

"ये कोन आय?" त्यांनी मला विचारले.

"सेठजींचे वडील," मी म्हणाले.

तेवढ्यात माझे नाव पुकारले गेले. स्तंभावरची ओळ मी वाचायची होती. मी वाचली. आवाज उत्तम लागला होता, लांबवर गेला, पाण्यावरून परत आला. टाळ्या पडल्या. खाली उतरले तेव्हा गौंटनीनबाई तिथेच उभ्या होत्या. हिंदी त्यांना समजत असे, पण त्या म्हणाल्या, "का लिखाय हे, फेर बता."

मला ती ओळ त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावी लागली. सेठजी बाजूलाच होते, अध्यक्षीणबाई होत्या. मी आडून आडून सांगू लागले, आणि ज्या गोष्टीला मी इतके सुंदर वळण दिले होते तिला आडवळण म्हणून उरलेच नव्हते. अर्थ एवढाच होता: हा माणूस आता तळ्याचा नवरा आहे.

त्यांच्या मागे उभी असलेली एक तरुण सून तोंडाला पदर लावून हसली. गौंटनीनबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. हिशेब विचारावा तशा शांतपणे म्हणाल्या, "परदेसी मरद के आघू म हमर बहू-बेटी मन कइसे नहाहीं?"

परक्या पुरुषासमोर आमच्या लेकीसुना आंघोळ कशा करतील?

"क्या बोल रही हैं माताजी?" सेठजींनी नम्रपणे विचारले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण दोन्ही बाजूंची भाषा तिथे मलाच येत होती. मी म्हणाले, "आशीर्वाद देतायत."

सेठजी वाकले आणि त्यांनी गौंटनीनबाईंच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नारळ हातात घेऊन तो न फोडता, जपून, लाल फरशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "जाथन, मेमसाहेब." जातो आम्ही. नोनी हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

घरी सासूबाईंना सर्व सांगितले. न सांगून भागले नसते, बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी ऐकून घेतले. पोळी उलटली.

"कावून गं? तळं वाचवाले गेली होती ना तू?"

"वाचलं ना तळं."

"वाचलं खरं. पन त्या बाईच्या भासऱ्यालेच इकून आली." आणि तव्याकडेच पाहत, "जेवून घे आता. मले उपाशी मानसाशी भांडता येत नाही."

त्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. पाणकोंबड्या आल्या, कमळे आली, आमराईचा वास पावसात दाट होऊन आमच्या खिडकीशी येऊन बसू लागला. सेक्टरची मुले बांधावर धावत. घाट मात्र कोरडा राहिला. लाल फरशीवर ओल्या पावलांचा एकही ठसा दिसत नसे. गावच्या बायका घागरी घेऊन आमच्या ओळीच्या टोकाला असलेल्या सरकारी नळावर रांग लावू लागल्या, आणि आंघोळी, ऐकले ते असे, अंधारात परसात उरकू लागल्या. समितीच्या एका सभेत कोणी तरी म्हणाले, "घाट किती स्वच्छ राहिला आहे."

शेवटी मी ठरवले की सेठजींना जाऊन सांगायचे. पुतळा काठावर घ्या, मधला स्तंभ काढा. वाक्ये जुळवली, रिक्षात बसून ओठांत म्हणून पाहिली. दुकानात शिरले तर त्यांनी उठून स्वागत केले, मसाल्याचा चहा मागवला. आईला तळ्यावर नेऊन आणले होते, आई रडली, वडिलांना पाण्यात पाहून रडली, असे ते सांगू लागले. त्यांचा आवाज सांगताना फाटला. आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक लिफाफा पुढे केला. "आमराई को भी तार का घेरा चाहिए न, बहनजी? आपने पिछली बार कहा था." मी म्हटले होते हे खरे. दुसऱ्या भेटीतल्या गोष्टीत मी आमराईही पेरून ठेवली होती. पुढे-मागे उगवेल म्हणून.

लाकडाचा तो गोड-कडू दर्प. कपातली वेलची. मी लिफाफा घेतला. आभार मानले, तेही छान मानले.

तिथून घरी न जाता गावात गेले. का गेले ते सांगता येत नाही. गौंटनीनबाई अंगणात मिरच्या वाळवीत होत्या. त्यांनी मला खाट दिली नाही, पण बसू नको असेही म्हटले नाही. मी ओसरीच्या कडेला टेकले, आणि तेव्हा मला तो दिसला. ओसरीत, भिंतीलगत, दोन दगडांवर आडवा ठेवलेला खांब. मजुरांकडून त्यांनी तो बैलगाडीने आणवला होता. टोकाला पिवळे कापड गुंडाळले होते. लाकूड कुजलेले नव्हते. पाण्यात होते तोवर ते काळे, घट्ट, अखंड राहिले असणार. आता कोरड्या हवेत त्याला उभ्या चिरा पडत होत्या.

गौंटनीनबाई मिरच्यांचे सूप ठेवायला आत गेल्या. ओसरीवरून जाताना पदर पुढे ओढला, हनुवटीपर्यंत.

"पुन्हा लग्न लावता येईल ना?" मी विचारले. "दुसरा खांब आणून? मी सगळं करीन."

"सरई मिलही. बाजा मिलही." त्यांनी आतूनच उत्तर दिले. लाकूड मिळेल, वाजंत्री मिळेल. मग बाहेर आल्या. "तोर सेठ हटही का?"

तुझा सेठ हटेल का? पर्समधला लिफाफा माझ्या मांडीला लागत होता.

"विचारते," मी म्हणाले.

"पूछ ले." त्यांनी मला पितळी तांब्यातून पाणी दिले. घरी आलेल्याला पाणी द्यायचे, एवढ्यापुरते. मी घोट घेतला. तळ्याचे नव्हते. त्याला ब्लीचिंग पावडरीचा वास होता, आमच्याच ओळीच्या टोकाच्या नळाचे ते पाणी, माझ्या स्वयंपाकघरात रोज येते तेच. मी तांब्या खाली ठेवला नाही, सगळे प्यायले. मागे ओसरीत लाकूड वाळत होते. मधूनच बारीक, कोरडा आवाज येई, बोट मोडल्यासारखा, आणि आम्ही दोघी तो ऐकत बसून होतो.